पंचावन्नावा घोडा

ठाणे स्टेशन सोडून लोकल कळव्याकडे निघाली की खाडी लागते. मिनिटाभराचं पाणी. डब्यातली माणसं मोबाइलमध्ये असतात, नाहीतर उभ्याउभ्या पेंगत असतात. बाहेर बघितलं तरी दिसणार काय, खारफुटी आणि गाळ. पण दोनशे वर्षांपूर्वी हे पाणी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडचं ठाणं साष्टी बेटावर, आणि साष्टी इंग्रजांची. पलीकडचा कळवा, डोंबिवली, कल्याण हा सगळा मुलूख पेशव्यांचा. आज आपण जी खाडी पास दाखवून ओलांडतो, ती तेव्हा ओलांडली की माणूस कंपनी सरकारच्या हातातून निसटायचा.

१२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, पावसात आणि काळोखात, एक माणूस असाच निसटला. तो ठाण्याच्या किल्ल्यातला कैदी होता. पंढरपुरात, ऐन आषाढीच्या यात्रेत, बडोद्याच्या गायकवाडांच्या वकिलाचा खून करवल्याचा आरोप त्याच्यावर होता. तो पळाला आणि पुढच्या पावणेदोन वर्षांत पेशवाई बुडाली. त्याचं नाव त्र्यंबकजी डेंगळे.

शाळेच्या इतिहासात हे दोन-तीन ओळींत उरकतं. त्या ओळींत एक गोष्ट सहसा नसते, आणि मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. त्र्यंबकजीची सुटका एका गाण्याने केली.

तो किल्ला शोधायला लांब जायला नको. उंच दगडी तटाआड आज जे ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० नंतर बांधायला घेतला, आणि काम पुरतं व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. पुढे १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. कसा घेतला ते पुढे सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

१८१५ मध्ये त्र्यंबकजीला इथे आणलं तेव्हा इंग्रजांनी खबरदारीत काही कसर ठेवली नव्हती. देशी शिपाई फितूर होतील, लाच खातील किंवा नुसतेच हळहळतील, म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे सोल्जर ठेवले. एकही माणूस असा नको की ज्याच्याशी कैदी दोन शब्द बोलू शकेल. हिशोब अगदी चोख होता. फक्त एक बाजू सुटली. ज्याच्याशी कैदी बोलू शकत नाही, त्याला कैद्याशी दुसरं कुणी काय बोलतंय तेही कळत नाही.

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीत एक मराठी मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवून आणणं हे त्याचं काम. घोडा घेऊन तो त्र्यंबकजीच्या खिडकीखालून जायचा-यायचा, आणि जाता-येता गाणं म्हणायचा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हे नोंदवून ठेवलं आहे: मोतद्दार अगदी बेफिकीरपणे गात असे, कैद्याला जे कळवायचं ते त्या गाण्यात असे, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना भाषा येत नसल्यामुळे संशयही आला नाही. जनावराबरोबर काम करणारा माणूस गुणगुणतोच. मोट हाकणारा गातो, जात्यावर बसलेली बाई गाते. गाणं म्हणत घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराकडे कोण कशाला बघेल? उलट तो गप्प राहून खिडकीकडे टक लावून बघत असता, तर पहारेकऱ्याच्या डोळ्यात भरला असता.

मग ठरल्या रात्री कैद्याने शेतखान्याला जाण्याची परवानगी मागितली. रोजचाच रिवाज होता, सोल्जर बाहेर उभा राहिला. शेजारी तबेला, आणि तबेल्याच्या भिंतीला आधीच भोक पाडून ठेवलेलं. आरडाओरडा होईपर्यंत त्र्यंबकजी तट उतरून खाडीकडे गेला होता.

कीर्तनकाराच्या हाती ही गोष्ट पडती तर त्याने एक क्षणही दवडला नसता. तुरुंग, भाद्रपदातली पावसाळी रात्र, गाफील पहारेकरी, पलीकडच्या तीराला लागायची घाई. आणि कंसाची खबरदारी! देवकीला डोळ्यांसमोर ठेवायचं म्हणून त्याने तिला कैदेत टाकलं, आणि जे टाळायचं होतं ते त्याच्याच कोठडीत जन्माला आलं. माणूस भीतीपोटी जो बंदोबस्त करतो, त्यातूनच त्याचं भय खरं होऊन बाहेर येतं, हे आपल्या पुराणकारांना फार आधीपासून ठाऊक होतं. अर्थात त्र्यंबकजी काही टोपलीतला कृष्ण नव्हता.

आता गाण्याकडे येऊ. ग्रँट डफ गाण्याचे शब्द देत नाही. ते देतो रेजिनाल्ड हेबर, कलकत्त्याचा बिशप. हा माणूस स्वतः कवी, ख्रिस्ती प्रार्थनागीतं लिहिण्यात नामांकित. १८२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करताना काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात त्याने त्र्यंबकजीला पाहिलं, कारण तोवर त्र्यंबकजी पुन्हा पकडला जाऊन तिथे कैदेत होता. हेबरने आपल्या रोजनिशीत ठाण्याच्या पलायनाची हकिगत लिहिली आणि मोतद्दार गात होता त्या अर्थाच्या म्हणून इंग्रजी यमकं जुळवलेल्या काही ओळी दिल्या. त्यांचा मतलब असा: झुडपामागे तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा तयार आहे, जंगलवाटेने माझ्याबरोबर दौडत येईल असा वीर कुठे मिळेल? तिथे घोडे पंचावन्न आहेत आणि माणसं चोपन्न. पंचावन्नावा घोड्यावर बसला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील.

हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा आकडे बोटांवर मोजले आणि मग हसू आलं. काय हिकमत आहे! त्या ओळींत त्र्यंबकजीचं नाव नाही, पळण्याचा शब्द नाही, तुरुंग नाही. आहे ती फक्त एक वजाबाकी. घोडे पंचावन्न, स्वार चोपन्न. ऐकणाऱ्या हजार माणसांना ही गाण्यातली भरती वाटेल, शाहिरी गाण्यात असे आकडे ढिगाने असतात. एकाच माणसाला कळेल की उरलेला एक म्हणजे मी. निरोपाची किल्ली निरोपात ठेवलेलीच नाही, ती ज्याला निरोप पोचवायचा त्याच्यापाशी आहे. त्यामुळे सोल्जरला मराठी येत असतं, तरीही तो कदाचित फसला असता. ओळींवर बिशपसाहेबांनी बराच हात फिरवला असणार असा मला संशय आहे. तिरंदाज आणि वीर हे शब्द घोडा फिरवणाऱ्याच्या तोंडचे वाटत नाहीत, इंग्रजी काव्यातले वाटतात. युरोपात अशी एक आख्यायिका शतकानुशतकं फिरत होतीच: इंग्लंडचा राजा रिचर्ड ऑस्ट्रियात कैदेत पडला असताना ब्लाँदेल नावाचा गायक किल्ल्याकिल्ल्याखाली जाऊन गात सुटला आणि एका खिडकीतून राजाने पुढचं कडवं म्हणून ओळख दिली. इतिहासकार ती गोष्ट खरी मानत नाहीत. ठाण्याची मात्र घडलेली आहे.

ज्या माणसासाठी एवढी जोखीम घेतली गेली, तो कोण होता?

निमगाव जाळी हे संगमनेर तालुक्यातलं गाव. तिथला त्र्यंबकजी पेशव्यांकडे साधा जासूद होता, निरोप पोचवणारा. १८०२ मध्ये होळकर पुण्यावर चालून आले आणि दुसरा बाजीराव महाडकडे पळाला, तेव्हा या जासुदाने पुण्याला पत्र नेऊन उत्तर इतक्या झपाट्याने आणलं की बाजीरावाची नजर त्याच्यावर गेली. पुढची वर्षं तो चढतच गेला. १८१४ मध्ये अहमदाबादचा सरसुभा त्याच्याकडे आला. ग्रँट डफ त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतो ती अंगावर येते: धन्याने हुकूम केला तर मी गाईलाही मारीन, असं त्याने खुद्द इंग्रज रेसिडेंटापाशी म्हटलं होतं. हिंदू राज्याचा कारभारी हे बोलतो, आणि फुशारकीने बोलतो.

आपल्याकडे माणसाच्या काळ्या बाजूची यादी पाठ असते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. पंतोजींपासून प्रवचनकारांपर्यंत सगळे हे सहा रिपू मोजून दाखवतात. पण त्र्यंबकजीचं ते वाक्य या सहांपैकी कोणत्या खान्यात टाकायचं? तो लोभी असेलही, पण गाय मारायची तयारी लोभातून येत नाही. ती निष्ठेतून येते. आणि बाजीरावाला जे आयुष्यभर छळत होतं ते भय, तेही यादीत नाही. निष्ठा तर सद्गुणात मोडते, भयाची आपण कीव करतो. या प्रकरणात माणूस मेला आणि राज्य गेलं ते या दोहोंमुळे, असं मला वाटत आलं आहे.

मेलेल्या माणसाचं नाव गंगाधरशास्त्री पटवर्धन. पुणे दरबार आणि गायकवाड यांच्यात जुन्या देण्याघेण्याचं भलंमोठं भिजत घोंगडं होतं, शिवाय गायकवाडांकडचा अहमदाबादचा दहा वर्षांचा इजारा १८१४ मध्ये संपत होता. ते मिटवायला शास्त्री पुण्यास आले, इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतल्यावर. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्यांचं जे वर्णन केलं आहे ते इतकं जिवंत आहे की शास्त्री समोर उभे राहतात: विद्वान, भलते हुशार, पण वागणं साहेबी. भराभर चालायचं, भराभर बोलायचं, समोरच्याला मध्येच तोडायचं, वाक्यावाक्यात इंग्रजी शब्द पेरायचे, पेशवे आणि त्यांच्या कारभाऱ्यांना इंग्रजीत शिव्या हासडायच्या. आजच्या सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये हा माणूस सहज खपून गेला असता. १८१४ च्या पुण्यात तो डोळ्यांत खुपत होता.

बाजीरावाने आधी त्यांना गोड बोलून आपलंसं करायला बघितलं. कारभारीपदाची लालूच दाखवली. आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला द्यायचं ठरवलं, नाशकात लग्नाची तयारीही झाली. मग बडोद्याहून हवा तसा कौल येईना म्हणून शास्त्र्यांनी अंग काढून घेतलं. वर, वाड्यातल्या चालीरीतींचा बोभाटा ऐकून त्यांनी आपल्या पत्नीला पेशव्यांच्या वाड्यात पाठवायलाही नकार दिला. ठरलेली सोयरीक मोडली आणि घरच्या बाईला पाठवलं नाही, हे दोन अपमान बाजीराव गिळून बसला. वरकरणी स्नेह होताच. त्याच स्नेहात शास्त्र्यांना पंढरपूरला बरोबर नेलं.

जुलै १८१५. त्या संध्याकाळी शास्त्र्यांना कसकसत होतं. देवळात दर्शनाला या, असा त्र्यंबकजीचा निरोप आला. त्यांनी बरं नाही म्हणून कळवलं. पुन्हा निरोप आला, गर्दी ओसरली आहे. पुन्हा नकार. तरी निरोप थांबेनात, आणि शेवटी मोजकी माणसं घेऊन ते निघाले, बिनहत्यारी. वाटेत त्यांच्या एका माणसाने गर्दीतलं बोलणं ऐकलं. कुणीतरी विचारत होतं, शास्त्री यांतला कोण? दुसऱ्याने सांगितलं, गळ्यात कंठी आहे तो. माणसाने ऐकलं आणि सोडून दिलं. यात्रेत असं कुणी कुणाला दाखवतच असतं. दर्शन झालं, त्र्यंबकजीशी बोलणं झालं, आणि परतीच्या वाटेवर मागून तलवारी आल्या.

एखाद्या नाटककाराने हा प्रवेश लिहिला असता तर त्यानेही हेच केलं असतं. तापाचं निमित्त, तीन-तीनदा नकार, कंठीबद्दलचा तो प्रश्न, आणि मधे विठ्ठल. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजाचा खून होतो तो पाहुणा म्हणून आलेल्या घरात. कुसुमाग्रजांनी त्याच नाटकावरून १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ आणलं. इथे पाहुणचार देवाच्या दारात होता.

एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी बघत होता. तिथून त्याने सूत्रं हलवली, साक्षी गोळा केल्या आणि बोट त्र्यंबकजीवर ठेवलं. बाजीरावाने आधी टाळाटाळ केली, मग त्याला वसंतगडावर नजरकैदेत ठेवल्यासारखं केलं, आणि फौजा हलायला लागल्यावर इंग्रजांच्या हवाली केलं. शास्त्र्यांचे बडोद्यातले जुने वैरी, सीताराम रावजीच्या गोटातले लोकही तेव्हा पुण्यात होते; त्यांतले दोघे त्र्यंबकजीबरोबरच हवाली केले गेले. पण खटला असा चाललाच नाही. कुणी न्यायाधीश बसला नाही, उलटतपासणी झाली नाही. म्हणून काही मराठी इतिहासकारांना हा आरोप शेवटपर्यंत पचलेला नाही.

आता मागे जाऊ, कारण ठाण्याचा किल्ला इंग्रजांना मिळाला कसा ते सांगायचं राहिलंय.

३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला कापून काढलं. पोरगा धावत जाऊन चुलत्याला, राघोबादादाला बिलगला होता. राघोबाच्या बायकोने, आनंदीबाईने, कागदावर एका अक्षराची खोडाखोड केली ही कथा घराघरात आहे. कागद खरा असो की नसो, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबाला दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे महाराष्ट्र अजून अभिमानाने सांगतो; प्रभातने १९४४ मध्ये त्यावर चित्रपटच काढला. राघोबाला पेशवाई हवी होती. ती मिळाली, पण टिकेना. बारभाईंनी त्याला हाकलल्यावर त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरला. इंग्रजांनी बदल्यात साष्टी आणि वसई मागितली. वाटाघाटी रेंगाळल्या, इकडे पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी हूल उठली, आणि इंग्रजांनी तहाची वाट न बघता १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. पुढच्या मार्चमध्ये सुरतेच्या तहात राघोबाने त्यावर सही केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र गेली ती गेलीच, आणि ठाण्याची खाडी सरहद्द झाली.

आणि आता तारखा बघा. किल्ला पडला डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत. १० जानेवारी १७७५ ला, म्हणजे पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा, धारच्या किल्ल्यात आनंदीबाईला मुलगा झाला. तोच दुसरा बाजीराव. बापाच्या हव्यासापायी जो किल्ला इंग्रजांच्या घशात गेला, त्याच किल्ल्यात एकेचाळीस वर्षांनी मुलाचा लाडका माणूस कोंडला गेला. एका खुनाने ठाणं गमावलं, दुसऱ्या खुनातला आरोपी त्याच ठाण्यात आला. पहिल्यांदा ही जुळणी ध्यानात आली तेव्हा हे कुणीतरी रचलंय असंच वाटलं. रचलेलं काही नाही, सगळं बखरी-दप्तरांतलं आहे.

मधली कडी तर आणखी चमत्कारिक. मारलेल्या नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव बापाच्या मरणानंतर जन्मला, नाना फडणविसांच्या करड्या नजरेखाली वाढला, आणि १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेला. ज्याचा बाप मारला गेला तो मुलगा असा संपला, आणि ज्याच्या बापावर खुनाचा ठपका होता तो मुलगा, बाजीराव, पुढच्या वर्षी गादीवर बसला. खून झालेल्या राजाचा एकाकी, अस्वस्थ मुलगा हा कथाभाग कुठे तरी आधी वाचल्यासारखा वाटतो ना? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनाही वाटला. १८९३ मध्ये त्यांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहिलं ते हॅम्लेट आणि ऑथेल्लो एकत्र गुंफून. माधवरावात हॅम्लेटची घालमेल आणि शेजारी केशवशास्त्री, कानात विष ओतणारा, सरळ इयागोच्या वंशातला. हॅम्लेट तोवर मराठीत येऊन दहा वर्षं झाली होती. आगरकरांनी त्याचं भाषांतर केलं ‘विकारविलसित’ या नावाने, आणि कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात असताना ते त्यावर काम करत होते. तुरुंग आणि वाङ्मय यांचं आपल्याकडे जुनं सख्य आहे.

खाडिलकरांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. राक्षस उभा करायला काही लागत नाही. मिशा, मशाल आणि गडगडाटी हसू पुरतं. अवघड असतं ते चांगल्या माणसाची घसरण दाखवणं, आणि ती घसरण अशा पायरीवरून सुरू करणं की पहिल्या पावलाला प्रेक्षकही ‘मी पण हेच केलं असतं’ म्हणेल. ठाण्यात तलावपाळीला ज्यांच्या नावाचं रंगायतन १९७८ पासून उभं आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त हेच केलं. सुधाकर व्यसनी म्हणून रंगमंचावर येत नाही. बुद्धिमान वकील म्हणून येतो, कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि तळीराम दुःख विसरायला म्हणून एक प्याला पुढे करतो. अपमान सहन न होणं हा काही दुर्गुण नव्हे. आपण त्याला पाणीदारपणा म्हणतो. गडकऱ्यांनी त्या पाणीदारपणातूनच सिंधूचा आणि तान्ह्या मुलाचा घात काढून दाखवला. रंगायतनापासून कारागृहाचा तट थोड्याच अंतरावर आहे, आणि तिथला १८१६ चा कैदीही असल्याच एका पायरीने चढला होता: पत्र वेगाने पोचवणारा इमानी जासूद.

त्र्यंबकजी पळाल्यावर नाशिक, खानदेश, महादेवाचे डोंगर असा फिरत राहिला. भिल्ल, रामोशी, मांग यांना जमवत होता. बाजीराव एल्फिन्स्टनला शपथेवर सांगत होता की मला त्याचा ठावठिकाणा माहीत नाही, आणि आतून त्याला पैसा पुरवत होता. एल्फिन्स्टनला हवं होतं ते कारण मिळालं. सिंहगड, पुरंदर, रायगड तारण म्हणून घेतले गेले, आणि जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला. त्या तहात पेशव्याने जो मुलूख सोडला त्यात उत्तर कोकण होतं, म्हणजे कल्याण आणि त्याच्या आसपासचं सगळं. खाडीची सरहद्द पुसली गेली. ज्या काठाला लागला म्हणून त्र्यंबकजी सुटला, तो काठच वर्षाच्या आत इंग्रजांचा झाला, आणि झाला तो त्याच्याच सुटण्याने. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला. त्याच महिन्याच्या शेवटी नाशिक भागातल्या अहिरगावात त्र्यंबकजी सापडला. धनी तनख्यावर, चाकर कोठडीत. हुकूम झाला तर गाय मारीन म्हणणाऱ्याला हा शेवट दिसला असेल का, कोण जाणे.

इंग्रज ग्रंथकारांनी त्याला सरळ खलनायक केलं. दीडशे वर्षांनी ना. सं. इनामदारांनी तोच त्र्यंबकजी ‘झेप’ या कादंबरीचा नायक केला: इंग्रजांचा डाव वेळीच ओळखलेला, राज्य राखायला धडपडणारा रांगडा माणूस. दोन्हीकडे मालमसाला तोच आहे, जासूद, शास्त्री, पंढरपूर, ठाणं. मी ‘झेप’ कॉलेजात असताना वाचली आणि त्र्यंबकजीच्या बाजूचा झालो. नंतर ग्रँट डफ वाचला आणि गळ्यातल्या कंठीपाशी येऊन अडकलो. तिथून अजून हललेलो नाही. इनामदार वाचताना माणूस आवडतो, म्हणून कंठीचा प्रश्न पुसला जात नाही. आणि कंठी आठवली म्हणून त्या पावसाळी रात्री तो निसटावा असं वाटायचं थांबत नाही. चांगल्या कादंबरीने आणि चांगल्या इतिहासाने वाचकाला असं दोहोंकडून ओढावं, यात तक्रारीसारखं काही नाही.

बिशप हेबर १८२५ मध्ये पश्चिमेकडे आला तेव्हा ठाण्यालाही आला. तिथलं सेंट जेम्स चर्च त्याने विधिपूर्वक उघडलं. ते अजून आहे. दुसऱ्याच वर्षी तो त्रिचनापल्लीत वारला. रोजनिशी त्याच्या पत्नीने १८२८ मध्ये लंडनला छापून काढली आणि ती खूप वाचली गेली. त्र्यंबकजी तेव्हा चुनारच्या किल्ल्यात जिवंत होता, तो वारला १८२९ मध्ये. म्हणजे शेवटच्या वर्षात त्याच्या सुटकेचं गाणं अखेर पहारेकऱ्यांच्या भाषेत आलेलं होतं.